सतरावी प्रतिज्ञा आणि अठरावी



वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत विहाराच्या बांधकामाचा, देणगीदारांचा आणि पार पडलेल्या कार्यक्रमांचा इतिहास असतो. तो हवाच. आम्ही मात्र यंदा आपल्यापुढे एका प्रश्नाचा इतिहास मांडणार आहोत. प्रश्न रोजच्या जगण्यातला आहे आणि चवीला कडू आहे. दारू पिऊन ज्याचे लिव्हर गेले, गुटखा-तंबाखूने ज्याच्या तोंडाला कॅन्सर झाला, पथ्य न पाळल्यामुळे साखर वाढून ज्याचा पाय कापायची पाळी आली, त्या माणसाचे आपण काय देणे लागतो? त्याच्यासाठी विहारातून वर्गणी काढायची की नाही?

वस्तीत असा कोणी आजारी निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. पहिले, "आपल्या हाताने केलं, आता आपणच भोगावं." दुसरे, "एवढ्या पैशात एखाद्या पोराची फी भरून झाली असती." ही वाक्ये बोलणारी माणसे काही दुष्ट नसतात. रातपाळ्या करून, धुणीभांडी करून, पोटाला चिमटा घेऊन मुले शिकवणारी ती माणसे आहेत. आपल्या समाजाने दारूविषयी राग धरला तो उगाच नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडा, स्वाभिमानाने जगा असे सांगितले, तेव्हापासून जुने सोडणे हीच आपल्या चळवळीची पहिली पायरी ठरली. ज्यांनी सोडले ते वर आले. मग ज्याने सोडले नाही त्याच्यावर राग येणारच. त्यांना गप्प बसवण्यासाठी हा लेख नाही. पण रागाच्या भरात निर्णय घेण्याआधी आपल्या पूर्वसूरींनी काय केले ते एकदा बघून घेऊ.

त्रिरश्मीवरचा औषधनिधी

लांब जायला नको. ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात तो आपला त्रिरश्मी डोंगर. तिथे पांडवांचा काही संबंध नाही, ती बौद्ध भिक्खूंची वस्ती हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. सहलीला जातो, वंदना घेतो, फोटो काढतो. पण भिंतीवर काय कोरले आहे ते किती जणांनी समजून घेतले?

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा मोठा शिलालेख आहे. उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने तीन हजार कार्षापण कायमचे दान दिले आणि ते गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. एकीकडे दोन हजार, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल मोडायचे नाही, व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंची चीवरे व्हायची. सुतात जन्म घालवलेल्या आमच्यासारख्याला हे वाचून अभिमान वाटतो. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या विणकरांची पत एवढी होती की राजाचा जावई त्यांच्याकडे पैसे ठेवीत होता!

त्याच लेण्याच्या आवारात आणखी एक लेख आहे, त्याची चर्चा कमी होते. तो आभीर राजा ईश्वरसेनाच्या राज्याच्या नवव्या वर्षातला, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. दान देणारी विष्णुदत्ता नावाची शक कुळातली उपासिका. तिनेही गोवर्धनच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. कुंभारांच्या श्रेणीकडे, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणीकडे, तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीकडे. कशासाठी? त्रिरश्मीवरच्या विहारात राहणाऱ्या, चारी दिशांकडून आलेल्या भिक्खुसंघातल्या आजाऱ्यांच्या औषधासाठी. पालीत आजाऱ्याला गिलान म्हणतात. आपण बुद्धपूजेत, परित्राणात हा शब्द ऐकतो तोच.

आता यात आम्हाला महत्त्वाचे काय वाटते ते सांगतो. त्या लेखात औषध कोणाला द्यायचे याला एकच अट आहे, तो आजारी असला पाहिजे. तो कशाने आजारी पडला, त्याची चूक होती की नव्हती, याची चौकशी करा असे काही कोरलेले नाही. औषधाचा पैसा आला कुंभाराच्या चाकातून आणि तेल्याच्या घाण्यातून, म्हणजे कष्टकऱ्यांच्याच हातातून फिरून. आपल्याच डोंगरावर, आपल्याच गावच्या कारागिरांच्या जोरावर सतराशे वर्षांपूर्वी औषधनिधी चालत होता, आणि आपण आज वर्गणीवरून भांडतो.

तथागतांनी काय केले

कोणी म्हणेल, भिक्खू शीलवान होते, त्यांची गोष्ट वेगळी. म्हणून विनयपिटकातल्या दोन घटना सांगतो.

पहिली पुष्कळांना माहीत आहे. अतिसार झालेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता. तथागत आनंदाला घेऊन विहारातल्या खोल्या पाहत फिरत होते, त्यांनी त्याला पाहिले. विचारले, तुझी सेवा करायला कोणी नाही का? तो म्हणाला, नाही. का नाही? तर म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडलो नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने धुतले, डोक्याकडून एकाने आणि पायाकडून दुसऱ्याने उचलून त्याला मंचावर निजवले. मग संघ बोलावला आणि समजावले की, तुम्हाला इथे आईबाप नाहीत, एकमेकांची सेवा तुम्ही केली नाही तर करणार कोण? रुग्णाची सेवा ही तथागतांचीच सेवा, असा त्या उपदेशाचा सार आहे.

ही गोष्ट आपण प्रवचनात ऐकतो आणि त्यातला काटा विसरतो. तो भिक्खू गुणी होता असे कुठेही म्हटलेले नाही. कोणाच्या उपयोगी न पडलेला माणूस होता तो. तुला आता फळ मिळाले, असे तथागत त्याला म्हणू शकत होते. म्हणाले नाहीत. त्यांनी आधी पाणी मागवले.

त्याच प्रकरणात पुढे तथागतांनी सांगितले आहे की काही रोगी सांभाळायला कठीण असतात. त्यांची लक्षणे पाच. हिताचे ते करीत नाही, प्रमाण जाणत नाही, औषध घेत नाही, सेवा करणाऱ्याला खरे सांगत नाही, वेदना सोसत नाही. बंधूंनो, आपल्या वस्तीतला दारुडा किंवा पथ्य मोडणारा साखरेचा पेशंट याहून वेगळा आहे काय? सिव्हिलमधून सुटका झाली की संध्याकाळी गुत्त्यावर दिसतो तोच हा. म्हणजे तथागतांना असा रोगी पक्का माहीत होता. त्याला त्यांनी कठीण म्हटले, टाकून द्या असे म्हटले नाही. उलट सेवा करणारा कसा असावा याचीही पाच लक्षणे सांगितली. औषध तयार करता आले पाहिजे, हिताचे जवळ आणावे आणि अहिताचे दूर न्यावे, लोभाने नाही तर मैत्रीने सेवा करावी, घाण-थुंकी-ओकारीची किळस बाळगू नये, आणि दोन धीराच्या धम्माच्या गोष्टी बोलाव्यात. जबाबदारी दोघांवरही टाकली, रोग्यावरही आणि सेवा करणाऱ्यावरही.

दुसरी घटना तर सरळ दारूचीच आहे. सागत नावाचे थेर होते, मोठ्या सामर्थ्याचे. एका भयंकर नागाला त्यांनी वश केले अशी कथा आहे. कोसंबीच्या लोकांना त्यांचे भारी कौतुक. आपण यांना काय द्यावे असे लोकांनी विचारले, तेव्हा षड्वर्गीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोडकर भिक्खूंनी दारू सुचवली. मग काय, घरोघरी दारू तयार! सागत थेर भिक्षेला निघाले, प्रत्येक दारात पीत गेले आणि नगराच्या वेशीत पडले. तथागतांनी ते पाहिले. काय केले? भिक्खूंना सांगून त्यांना उचलून विहारात आणवले. नशेत सागतांनी तथागतांकडेच पाय केले. मग भगवंतांनी भिक्खूंना विचारले, जो नागाशी झुंजला तो आता पाण्यातल्या साध्या सरड्याशी तरी झुंजेल काय? आणि मद्यपान करू नये हा नियम तिथे घातला.

क्रम लक्षात घ्या. आधी उचलले, मग विचारले, मग नियम केला. तो नियमही संघातून काढून टाकण्याचा नव्हता. दोष कबूल करून शुद्ध व्हायचे, असा होता. पुढे हेच सागत अर्हत झाले आणि तेजोधातूच्या साधनेत अग्रगण्य म्हणून त्यांचे नाव घेतले गेले. वेशीत पडलेल्या दिवशीच त्यांना टाकून दिले असते तर?

त्यात आणखी एक धडा आहे. सागतांच्या तोंडाला दारू लावली ती कौतुक करणाऱ्या घरांनी. आज हळदीला, जयंतीच्या मिरवणुकीला, नव्या गाडीच्या आनंदाला कोवळ्या पोराच्या हातात पहिला ग्लास कोण देतो? पंधरा वर्षांनी त्याच्या पोटात पाणी झाले की आपणच म्हणतो, त्याच्या कर्माने मेला!

कर्म म्हणजे काय

हा 'कर्माने मेला' शब्द आपल्या तोंडात कुठून आला? बौद्धांच्या तोंडी तो शोभत नाही. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्माचे फळ, असे काही लोक म्हणतात, आपले मत काय? तथागतांनी दुःखाची आठ कारणे मोजून दाखवली. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा बिघाड, ऋतूचा पालट, आहार-विहारातला निष्काळजीपणा, अचानक झालेला आघात आणि आठवे कर्मविपाक. सगळेच पूर्वकर्माचे असे म्हणणारे प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडे धावतात, असे त्यांनी बजावले.

निष्काळजीपणा हे कारण तथागतांनी लपवले नाही, हेही बघा. दारू पिणाऱ्याचा स्वतःचा वाटा असतोच. तो नाही म्हणणे म्हणजे त्या माणसाला लहान मूल समजणे. पण आठ कारणांतले एकच हातात धरून बाकीची फेकून देणे, हे अडाणीपण झाले.

या अडाणीपणाने महाराष्ट्रात किती माणसे गाडली त्याचा हिशेब नाही. महारोग्याला पापी ठरवून गावाबाहेर काढीत. रोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेच्या हान्सेनने शोधला, तरी १८९८ साली इंग्रज सरकारने रोग्यांना पकडून वेगळे ठेवण्याचा कायदा केला. तो संसदेने पूर्णपणे रद्द केला २०१६ साली. मधल्या काळात अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले, म्हणून काहींना माणूस म्हणून जगता आले. एड्स आला तेव्हा तीच गत. बाहेरख्याली होता, मरू दे, असे म्हणत लोकांनी घरातल्या बायकांचीही भांडी वेगळी केली. त्या काळात, १९९७ साली, मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या खटल्यात निकाल दिला की काम करायला शरीराने समर्थ असलेल्याला केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. एका नाव नसलेल्या कामगाराने ही लढाई जिंकून दिली. सरकारी दवाखान्यांतून मोफत औषधे सुरू झाली २००४ साली. औषध आले आणि पाप कमी झाले! म्हणजे मुळात ते पाप नव्हतेच, आजार होता.

दोष मोजायचा तर सगळ्यांचा मोजा

आता गिरणीतले सांगतो. ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगतात. वर्षानुवर्षे ते छातीत जातात आणि बिसिनोसिस नावाचा रोग होतो. सुरुवातीला सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे रोजच दम लागतो. कारखान्यांच्या कायद्यात हा धंद्याचा रोग म्हणून नोंदलेला आहे. पण खोकणारा कामगार समोर आला की पहिला प्रश्न असतो, "विडी पितोस ना?" बरे, तो पीत असतो हेही खरे. विडीने हा रोग वाढतो हेही खरे. आता सांगा, त्याच्या छातीतला किती काळोख विडीचा आणि किती कापसाचा? डॉक्टरलाही जे वाटून सांगता येत नाही ते शेजारीपाजारी ओट्यावर बसून सांगून टाकतात. आपल्या सिन्नरच्या विडीधंद्यात बायाबापड्यांनी घरी बसून विड्या वळल्या. आयुष्यात कधी झुरका न मारता तंबाखूची धूळ त्यांच्या छातीत गेली. त्यांनी काय पाप केले होते?

दारूचेही तसेच. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला आणि दारू हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन बनले. १८८० साली पुण्यात दारूची नवी दुकाने निघू लागली, तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या क्रांतिबा जोतीराव फुल्यांनी त्याला लेखी विरोध केला. पिणाऱ्याला शिव्या देत बसण्याऐवजी जोतीरावांनी दुकानाला परवाना देणाऱ्याकडे बोट दाखवले. तथागतांनीही उपासकांना निषिद्ध सांगितलेल्या पाच व्यापारांत मद्याचा व्यापार घातला आहे. नुसते पिऊ नका म्हणून थांबले नाहीत, विकूही नका म्हणाले.

आज नाशिकची द्राक्षे जगभर गेली, वाईनचे कारखाने पर्यटनाचे ठिकाण झाले. बाहेरगावचे पाहुणे प्याले हातात घेऊन फोटो काढतात. तो आजारी पडला तर त्याला चांगल्या दवाखान्यात लिव्हरचा पेशंट म्हणतात, आणि आपला हातभट्टीवाला पडला तर बेवडा म्हणतात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. बहुतेक हातावर पोट असलेली. त्यांनी दारू मागितली होती, विष नव्हे. तरीही लोक म्हणालेच, पिऊन मेले.

कायद्यासारखी कोरडी गोष्टसुद्धा आपल्याहून मऊ निघाली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात होते की कामगार नशेत असल्यामुळे अपघात झाला तर मालक भरपाई द्यायला बांधील नाही. पण कामगार मेला असेल तर ही सबब चालायची नाही. १९९५ च्या दुरुस्तीनंतर कायमचे पूर्ण अपंगत्व आले तरी चालेनाशी झाली. कारण मागे बायकापोरे राहतात, त्यांनी तर ग्लास उचलला नव्हता! तसेच ई.एस.आय. चे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, त्यांच्या खात्याने प्रा. अडारकरांना आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितली. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. आजारपणाचा भत्ता घेणाऱ्यावर त्यात अट होती की उपचार घ्यावेत, डॉक्टरचे ऐकावे, बरे होण्यात अडथळा येईल असे वागू नये. विनयातल्या रोग्याच्या लक्षणांशी ही अट ताडून बघा. पुढे कसे वागशील यावर भर आहे.

आमच्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. जबाबदारी दोन तऱ्हेची असते. एक मागे बघणारी, तू का प्यालास? दुसरी पुढे बघणारी, उद्यापासून तू काय करशील आणि आम्ही काय करू? पहिलीने कोणी बरा झालेला आम्ही पाहिला नाही.

सतरा आणि अठरा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. सतरावी दारू न पिण्याची. ती आपल्याला पाठ आहे, दुसऱ्याला सुनवायलाही आवडते. तिला लागून अठरावी आहे, प्रज्ञा, शील आणि करुणा या तत्त्वांवर आयुष्य उभारण्याची. बेवड्याने सतरावी मोडली हे दिसते, कारण तो गटारीत पडलेला असतो. त्याला ओलांडून वंदनेला येणाऱ्याने अठरावी मोडली हे कोणाला दिसत नाही, कारण त्याचे कपडे पांढरे असतात.

त्याच १९५६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने ठराव केला की दारूच्या व्यसनात अडकलेल्यांना दवाखान्यांनी इतर रोग्यांसारखेच दाखल करून घ्यावे. आपल्याकडे १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तिथे दुसऱ्यांना हात देऊ लागली. आज वैद्यकशास्त्र सांगते की व्यसन हा उपचार करण्यासारखा आजार आहे, आणि तो पुन्हा उलटू शकतो. दोनदा उलटला म्हणून टी.बी. वाल्याला आपण हाकलत नाही. मग याला का?

करुणा म्हणजे लाड नव्हे

इथे आमच्या भगिनी आम्हाला अडवतील, आणि त्यांनी अडवावेच. करुणा करायची म्हणजे मार खाऊन त्याचे पाय चेपायचे का? मुळीच नाही. शतकानुशतके करुणेचा सगळा भार एकट्या बायकोवर टाकला गेला. तथागतांनी आजाऱ्याची जबाबदारी संघावर टाकली, एकट्यादुकट्यावर नाही. नवरा मारत असेल तर तिला वेगळे राहण्याचा, पोलिसात जाण्याचा हक्क आहे, आणि विहाराने तिच्या बाजूने उभे राहावे. त्याला दवाखान्यात नेणे हे काम मग आपण चौघांनी करायचे.

म्हणून आमची विनंती अशी. विहारात कायमचा गिलान निधी असावा. मुद्दल मोडू नये, विष्णुदत्तेसारखे. रोख रक्कम आजाऱ्याच्या हातात देऊ नये, औषधाच्या दुकानात आणि दवाखान्यात भरावी. पोरांची फी वेगळ्या खात्यातून भरावी, म्हणजे एकाच्या औषधासाठी दुसऱ्याचे शिक्षण अडणार नाही. पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नये. त्याला झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टरकडे न्यावे. जयंतीच्या मिरवणुकीत आणि आपल्या लग्नांत दारू दिसली तर कार्यकर्त्यांनी तिथल्या तिथे बोलावे. नंतर वर्गणी काढण्यापेक्षा ते स्वस्त पडते. आणि बरा होऊन आलेल्याला विहारात सतरंजी उचलायला, वाचनालय सांभाळायला, काहीतरी काम द्यावे. तो अतिसाराचा भिक्खू म्हणाला होता, मी कोणाच्या उपयोगी पडलो नाही. माणसाला उपयोगी पडायची संधी देणे हेही औषधच आहे.

काही जण निधी घेऊनही पुन्हा पितील. पैसा वाया गेला असे वाटेल. वाटू द्या. पंचशीलातले पाचवे शील आपण ज्याच्या त्याच्या तोंडून वदवून घेतो, पण ते पाळता यावे म्हणून त्याला हात देणे हे आपलेही शील आहे. आपले पूर्वज गावकुसाबाहेर होते. गावकूस म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवायला नको. निदान आपल्या विहाराला तरी गावकूस नसावे.

नमो बुद्धाय! जय भीम!